दोन महिने त्रिकोणासनच: अय्यंगार पद्धत इतकी सावकाश का शिकवतात

तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून आधी त्याचं सार मांडते. तुमचं वय 47, नोकरी बैठी, कंबर अधूनमधून धरते आणि उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. दोन महिन्यांपूर्वी घराजवळच्या अय्यंगार योगाच्या वर्गाला नाव घातलंत. तेव्हापासून ताडासन (सरळ ताठ उभं राहणं), त्रिकोणासन, भिंत, पट्टा, लाकडी वीट आणि खुर्ची यांच्या पलीकडे गाडी गेलेली नाही. शेजारच्या सोसायटीतली मंडळी मात्र पहिल्या आठवड्यापासून गच्चीवर बारा-बारा सूर्यनमस्कार घालून घामाघूम होतायत. तुम्ही विचारता की हा योग आहे की फिजिओथेरपी, ही पद्धत जुन्या परंपरेतली आहे की पुण्यात कोणी बसवली, आणि हे पुढे चालू ठेवावं का.

माझ्या मते तुमची खरी अडचण शेवटच्या प्रश्नात आहे. वेळ जातोय, फी जातेय आणि हाती काय लागतंय ते दिसत नाहीये. पण त्याचं निम्मं उत्तर या पद्धतीच्या उगमातच सापडतं, म्हणून सुरुवात तिथून करते. मी याच पद्धतीत शिकले आणि बरीच वर्षं हेच शिकवते, त्यामुळे माझा कल उघड आहे. तो वजा करूनच वाचा.

ही पद्धत बसवणारे बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म 14 डिसेंबर 1918 चा, कर्नाटकातल्या बेल्लूरचा. ते साल इन्फ्लुएन्झाच्या साथीचं. आईला गरोदरपणातच तो ताप आला होता आणि मूल जन्मलं ते अशक्त. पुढे मलेरिया, टायफॉइड, क्षय असं एकेक मागे लागलं. वडील शिक्षक होते, ते हा मुलगा नऊ वर्षांचा असताना गेले. 1934 मध्ये हा काटकुळा पोरगा मैसूरला मेहुण्यांकडे राहायला गेला. हे मेहुणे म्हणजे तिरुमलै कृष्णमाचार्य. मैसूरच्या महाराजांच्या आश्रयाने ते जगनमोहन राजवाड्यात योगशाळा चालवत होते. संस्कृतचे जाडे विद्वान आणि स्वभावाने जमदग्नी.

1938 साली चित्रित केलेली एक मूकफीत आज सहज बघायला मिळते. तीत विशीच्या उंबरठ्यावरचे अय्यंगार दिसतात. एका आसनातून दुसऱ्यात उडी, तिथून तिसऱ्यात, रबराचा असावा तसा देह. ही फीत तुम्ही जरूर बघा, कारण तुमच्या वर्गातली सावकाश पद्धत तिच्यात कुठेच नाही. मैसूरला मुलांना शिकवलं जाई ते वेगवान, प्रात्यक्षिकाला साजेसं. राजवाड्यात पाहुणे आले की मुलांनी आसनं करून दाखवायची. अय्यंगारांनी स्वतःच पुढे सांगितलंय की कुठलीही तयारी नसताना गुरूंनी त्यांना लोकांसमोर हनुमानासन करायला लावलं, मांड्यांच्या मागचे स्नायू दुखावले आणि ते दुखणं बराच काळ पुरलं. हनुमानासन म्हणजे एक पाय सरळ पुढे, दुसरा सरळ मागे आणि बूड जमिनीला. तुमच्या शिक्षिका तुम्हाला पायांची बोटं पकडू देत नाहीत, हातात पट्टा देतात, त्यामागे असा इतिहास आहे.

सावकाशपणा आला तो पुण्यात. 1937 साली डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला सहा महिन्यांसाठी कोणीतरी हवं होतं आणि गुरूंनी अठरा वर्षांच्या अय्यंगारांना पाठवलं. मराठी येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम होतं. समोरचे विद्यार्थी वयाने मोठे, शिकलेले, काही तर तालमीत कमावलेले. अंगात ताकद भरपूर पण पाठ वाकत नाही, अशी ती शरीरं. राजवाड्यातल्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना जे सहज जमे ते इथे चालेना. त्यातून भाषेचा आधार नाही. मग राहिलं काय? स्वतःच्या अंगावर करून बघायचं, समोरच्याचं अंग डोळ्यांनी तपासायचं, आणि कुठे अडतंय ते शोधायचं. सहा महिन्यांचे पुढे अनेक महिने झाले, मैसूरचा पगारी आधार तर नव्हताच. पहिली वर्षं हलाखीत गेली. लोक म्हणतात की ही पद्धत एका अतिलवचिक माणसाने बसवली. मला उलट वाटतं. आपल्यापेक्षा वेगळ्या, कडक, दुखऱ्या शरीरांना शिकवण्याच्या गरजेतून ती बसत गेली.

1943 मध्ये त्यांचं रमामणींशी लग्न झालं. सुरुवातीला त्यांच्याकडे दुसरं कोणी नसल्यामुळे आसनात अंग नीट आहे की नाही हे बघायला त्याच असत, असं ते कृतज्ञतेने सांगत. 1952 साली मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन भेटले आणि 1954 मध्ये त्यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावलं. तिथून परदेशाची दारं उघडली. ऐंशी ओलांडलेल्या बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ त्यांच्याकडून शीर्षासन शिकल्या, ही गोष्ट आमच्या वर्गांत नवशिक्यांचा धीर वाढवायला हमखास सांगितली जाते. (मी सांगत नाही. सांगितली की पुढच्या आठवड्यात कोणीतरी घरी एकट्याने शीर्षासनाचा प्रयत्न करतो.) शिवाजीनगरच्या मॉडेल कॉलनीतली संस्था 1975 साली सुरू झाली. तिला रमामणींचं नाव आहे, कारण 1973 मध्ये भूमिपूजन झालं आणि काही दिवसांतच त्या गेल्या. अय्यंगार 2014 च्या ऑगस्टमध्ये गेले. तोवर ते संस्थेच्या हॉलच्या एका कोपऱ्यात स्वतःचा सराव करत असत.

आता "मूळ परंपरा" हा मुद्दा. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाबद्दल तीनच सूत्रं आहेत, त्यातलं 'स्थिरसुखमासनम्' (आसन स्थिर आणि सुखाचं असावं) सगळ्यांना पाठ असतं. कुठल्याही एका आसनाची कृती तिथे नाही. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात पंधरा आसनं आहेत, बहुतेक बसून करायची. तुम्ही दोन महिने करताय ते त्रिकोणासन त्यांत नाही. उभ्या आसनांना एवढं महत्त्व आलं ते विसाव्या शतकात. हे ऐकून अनेकांना वाईट वाटतं, पण तुमच्या शेजाऱ्यांच्या सूर्यनमस्कारांचंही फार वेगळं नाही. त्यांचा घरोघरी प्रसार झाला तो औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या खटपटीने, त्याच विसाव्या शतकात. सांताक्रूझचे योगेंद्रजी, लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद (त्यांचं कैवल्यधाम 1924 चं) आणि पुण्याचे अय्यंगार, असे आजच्या योगाचे तीन मोठे कारखाने महाराष्ट्रातच उभे राहिले. त्यामुळे कुणाचा योग अस्सल यावर भांडण्यात मला रस नाही. तुमचा वर्ग 'योगेन चित्तस्य' या पतंजलींच्या वंदनेने सुरू होत असेल. दावा असा आहे की आसनातून लक्ष एकाग्र करायचा हा एक मार्ग आहे. तो दावा तपासायला दोन महिने अपुरे पडतात, आणि आंधळेपणाने मानायची गरज तर मुळीच नाही.

एक नोंद इथे करते. कृष्णमाचार्यांचेच दुसरे शिष्य पट्टाभि जोईस मैसूरला राहिले आणि त्यांनी अष्टांग विन्यास पद्धत रुजवली. आसनांचा क्रम ठरलेला, श्वास मोजून हालचाल, घाम भरपूर. एकाच घरातून निघालेल्या या दोन पद्धती, दोन्ही शिस्तीच्या. तिथे क्रम पक्का असतो आणि विद्यार्थी त्यात बसतो. इथे विद्यार्थी बघून क्रम आणि आधार बदलतो. तरुण, निरोगी, धावपळीची आवड असलेल्या माणसाला मी जोईस यांच्या पद्धतीकडे जाऊ नको असं कधीच म्हणत नाही.

तर, त्रिकोणासनात दोन महिने करायचं काय? जरा जवळून बघू. पाय साधारण तीन-साडेतीन फूट अंतरावर, उजवं पाऊल पूर्ण बाहेर वळलेलं, डावं किंचित आत. उजवीकडे झुकायचं आणि उजवा हात खाली. नवा माणूस हे ऐकतो आणि सरळ हात जमिनीकडे सोडतो. त्याबरोबर नितंब मागे जातो, छाती पुढे पडते, उजवा गुडघा आतल्या बाजूला अंगठ्याकडे वळतो आणि पावलाची कमान बसते. सगळा भार नडगीवर टेकलेल्या तळहाताने सांध्यावर ढकलला जातो. बाहेरून बघणाऱ्याला आसन "झालं" असं दिसतं. जिना उतरताना कुरकुरणाऱ्या गुडघ्याला मात्र याच स्थितीत रोज उभं केलं तर तो कुरकुरायचा थांबणार नाही, ओरडायला लागेल.

म्हणून घोट्याच्या बाहेरच्या बाजूला वीट उभी ठेवतात. हात दहा इंच आधीच टेकतो आणि छाती वळायला मोकळी होते. पाठीमागे भिंत असते ती गवंड्याच्या ओळंब्यासारखी. डावा खांदा, दोन्ही नितंब तिला लागले की अंग एका पातळीत आलं, कुणी सांगायची गरज नाही. मग काम पायाचं. मांडीचा पुढचा स्नायू घट्ट करून गुडघ्याची वाटी वर ओढायची आणि मांडी मुळापासून बाहेर वळवायची, इतकी की वाटीचा मध्य पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत येईल. अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा मात्र जमिनीत दाबलेलाच राहिला पाहिजे. या दोन सूचना एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. मांडी बाहेर वळवली की अंगठा उचलतो, अंगठा दाबला की मांडी आत येते. दोन्ही एकदम सांभाळताना मन दुसरीकडे जाऊच शकत नाही. आसनातून एकाग्रता म्हणतात ती मला इथे दिसते.

तुमच्या शिक्षिका समोरून काय बघतात तेही सांगते. पायाची बोटं चटईला चिमटे काढतायत का, गळा आवळून श्वास धरलाय का, कपाळाला आठ्या आहेत का. तुमचा हात कुठवर पोचला याकडे त्यांचं लक्ष सगळ्यात शेवटी जातं. "आणखी खाली जा" असं त्या म्हणत नसतील आणि "वर या, वीट उंच करा" असं म्हणत असतील, तर योग्य ठिकाणी आहात.

वीट, पट्टा, लोड, खुर्ची, दोर या साधनांमुळेच तुम्हाला फिजिओथेरपीचा संशय आला, तर त्याबद्दल. साधन हे आसन सोपं करायला असतं असा समज आहे. कधी कधी असतंही. पण मुख्य उपयोग वेळेचा. विटेशिवाय त्रिकोणासनात तुम्ही पंधरा सेकंद टिकाल आणि ते सगळे झगडण्यात जातील. विटेवर मिनिटभर टिकता येतं, आणि ज्या स्नायूची जाणीवच नव्हती तो हळूहळू कळायला लागतो. ही साधनंही कुणी एका दिवशी ठरवून काढलेली नाहीत. अय्यंगारांचं पुस्तक 'योगदीपिका' 1966 साली मूळ इंग्रजीत ('लाइट ऑन योगा') आलं, त्याच्या छायाचित्रांत अय्यंगार सर्वांगासन करतात तेव्हा खांद्यांखाली ब्लँकेटच्या घड्यांची थप्पी दिसत नाही. आज कुठल्याही अय्यंगार वर्गात तीन-चार घड्या खांद्यांखाली आणि डोकं खाली जमिनीवर, असंच शिकवतात, म्हणजे मानेचा मागचा भाग दबत नाही. 1979 मध्ये स्कूटरच्या अपघातात त्यांच्या पाठीला आणि खांद्याला मार बसला. साठी उलटलेल्या माणसाला आपला सराव पुन्हा पहिल्यापासून उभा करावा लागला, तेव्हा साधनांचा वापर आणखी खोलात गेला. पुस्तक छापून झाल्यावरही पद्धत बदलत राहिली, हे मला तिच्या बाजूचं सगळ्यात मोठं प्रमाण वाटतं.

त्याच पुस्तकात प्रत्येक आसनाला अवघडपणाचा आकडा दिलाय, 1 ते 60. ताडासन 1, त्रिकोणासन 3. शेवटी आठवड्यांच्या हिशेबाने अभ्यासक्रम आहे तो तीनशे आठवड्यांचा, म्हणजे सहा वर्षांच्या जवळ जाणारा. तुमचे आठ आठवडे त्यात कुठे बसतात ते बघा. आता सगळे शिक्षक तो तक्ता जसाच्या तसा पाळत नाहीत, मीही नाही. बहुतेक वर्गांत महिन्याची वाटणी असते: एक आठवडा उभी आसनं, मग पुढे वाकण्याची, मग मागे वाकण्याची, आणि शेवटच्या आठवड्यात लोडावर पडून विश्रांतीची आसनं आणि प्राणायाम. उभी आसनं आधी येतात कारण पाय आणि कंबर जागी झाल्याशिवाय मागे वाकलं की सगळा ताण कमरेच्या एकाच जागी पडतो. तुमची कंबर धरते म्हणता, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. प्राणायाम उशिरा आणि आडवं पडून, कारण पाठ ताठ ठेवण्याचं कष्टाचं काम आणि श्वास निरखणं ही दोन कामं नवशिक्याला एकदम झेपत नाहीत. यावर इतर पद्धतींचे शिक्षक हरकत घेतात, प्राणायाम पहिल्या दिवसापासून हवा म्हणतात. त्यांची बाजूही पटण्यासारखी आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. गुडघ्याला सूज असेल, मध्येच अडकत असेल किंवा पायात मुंग्या आणि बधिरपणा उतरत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांनी सांगितलेलं शिक्षिकेच्या कानावर घाला. रक्तदाब जास्त असेल, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल तर उलटी आसनं शिक्षिकेला न विचारता करायची नाहीत. बायकांनी पाळीच्या दिवसांत उलटी आसनं टाळावीत असं या पद्धतीत शिकवतात. त्या दिवसांसाठी आणि गरोदरपणासाठी वेगळा क्रम बसवण्यात अय्यंगारांच्या कन्या गीता अय्यंगार यांचा मोठा वाटा आहे. आणि दम वाढवायचा असेल तर फक्त या वर्गावर विसंबू नका. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणं वेगळं हवंच. शेजाऱ्यांच्या सूर्यनमस्कारांनी जो दम लागतो तो त्रिकोणासनाने लागत नाही, हे मान्य करण्यात कमीपणा कसला?

शिक्षकावरही खूप अवलंबून आहे. अय्यंगार योग या नावाने शिकवायला अनेक वर्षं शिकून, परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि ते मिळालं की वर्गात दुसऱ्या पद्धतींची सरमिसळ करायची नाही असा दंडक आहे. तुमच्या शिक्षिकेकडे ते आहे का, सरळ विचारा, कोणी रागवत नाही. स्वतः अय्यंगार कडक म्हणून प्रसिद्ध होते, चुकलेल्या पायावर चापट बसायची. तो कडकपणा काही शिष्यांच्या शिष्यांनीही उचलला, त्यातली नजर मात्र उचलली नाही. शिक्षक अंगाला हात लावून आसन सुधारत असेल आणि तुम्हाला नको असेल तर "हात नका लावू, सांगून दाखवा" एवढं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दुखतंय म्हटल्यावर "दुखणारच" असं उत्तर मिळालं तर वर्ग बदला. कुठे दुखतंय, सांध्यात की स्नायूच्या पोटात, ओढल्यासारखं की टोचल्यासारखं, हे विचारणारा शिक्षक ठेवा.

थोडक्यात तुमच्या तिन्ही प्रश्नांवर: पद्धत मैसूरच्या मुळावर पुण्यात वाढली, तिचं वय शंभराच्या आतलं आहे. साधनं उपचारासाठीही वापरतात, पण तुमच्या वर्गात ती आसनात टिकण्यासाठी आहेत. आणि तुम्ही दिलेली माहिती बघता आणखी चार-सहा महिने द्यावेत असं मला वाटतं. प्रगती मोजायची ती जिन्यावर. उतरताना गुडघा कमी बोलतो का, संध्याकाळी खुर्चीतून उठताना कमरेवर हात ठेवावा लागतो का, एवढं बघा. सहा महिन्यांनी यात काहीच फरक नसेल तर मोकळेपणाने सोडा.

दरम्यान घरी थोडं करा, नुसत्या वर्गावर शरीर बदलत नाही. रोज वीस मिनिटं पुरे. खुर्ची भिंतीला लावून तिच्या बैठकीवर तळवे ठेवायचे आणि अधोमुख श्वानासन (नितंब वर, डोकं खाली) करायचं, टाचा जमिनीला टेकायचा हट्ट नको. मग भिंतीजवळ वीट घेऊन त्रिकोणासन, दोन्ही बाजूंना दोनदा. शेवटी ब्लँकेटची जाड घडी कमरेखाली घेऊन पाय भिंतीवर, पाच मिनिटं, आणि त्यानंतर शवासन. शवासनात डोक्याखाली पातळ घडी अशी घ्या की कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर राहील. हनुवटी छताकडे उचललेली असली तर डोकं शांत होत नाही. मांडी ठोकून बसताना गुडघे वर राहत असतील तर बुडाखाली दोन घड्या घ्या. वज्रासन आणि वीरासन ही गुडघे दुमडून बसायची आसनं मात्र सध्या बुडाखाली वीट किंवा लोड घेतल्याशिवाय करू नका, आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचल्यासारखं वाटलं तर त्या दिवशी ते सोडून पाय सरळ पसरून दंडासनात बसा.